हातभर अंतरावरून

आमच्या परसातल्या लिंबोणीला एक वाळकी काडी आहे. दर वर्षी छाटणीच्या वेळी मी कात्री घेऊन तिच्यापाशी जातो, आजूबाजूच्या फांद्या कापतो आणि तिला तशीच ठेवतो. तिच्या टोकावर अ‍ॅनाज हमिंगबर्डचा एक नर बसतो. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ आमचं घर आहे. इथे हा पक्षी बारा महिने असतो, हिवाळ्यातही कुठे जात नाही. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. वजन चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याहून किंचित जास्त. पण त्या काडीवर तो अशा ऐटीत बसतो की अख्ख्या परसाचा सातबारा त्याच्याच नावावर असावा.

ती काडी मला आप्पांनी दाखवली.

आप्पा म्हणजे माझे वडील. कराडजवळ कृष्णा कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. पाणी किती सुटलं, कुठल्या दारावर किती वाजता पोचलं, हे आयुष्यभर लिहून ठेवलेला माणूस. नोव्हेंबरात ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एक वही मागितली. सकाळी उन्हाची तिरीप परसात उतरली की माकडटोपी घालून, फीडरपासून चार पावलांवर घडीची खुर्ची टाकून ते बसायचे. फीडर म्हणजे साखरपाण्याची बाटली. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, बस्स. लाल रंग वगैरे त्यात काही घालायचा नसतो. उन्हाळ्यात मात्र दोन-तीन दिवसांत पाणी बदलावंच लागतं, नाहीतर ते आंबतं, बुरशी धरतं.

"अरे, हा तर आपला शिंजीर!" पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले.

तसं वाटणं साहजिकच होतं. तेवढाच जीव, तशीच बारीक चोच, उन्हात तसाच झळाळणारा रंग. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि तिथल्या बेटांवर आढळतात. भारतात त्यांची एकही जात नाही. शिंजीर फुलापुढे क्षणभर फडफडत थांबतो खरा, पण बहुतेक वेळा डहाळी धरूनच रस पितो. हा अधांतरी थांबतो, तिथेच पितो, आणि तोंड न फिरवता उलटा उडतो. मी हे सगळं सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. अर्धा तास बघत राहिले आणि मग म्हणाले, "खरंय. हा मागं सरकतोय. शिंजीर वळून जातो."

तीन दिवसांनी त्यांनी वही माझ्यापुढे धरली. कालव्याच्या नोंदीसारखे आखलेले रकाने. ९.१२, ९.२६, ९.३९, ९.५४. "बारा ते पंधरा मिनिटांची पाळी आहे त्याची," आप्पा म्हणाले. पाळी हा शब्द त्यांच्या पाणीपाळीतला. "आणि तो थेट येत नाही. आधी त्या वाळक्या काडीवर बसतो. डावीकडं बघतो. काडी सोडली की आपण दोन म्हणेपर्यंत बाटलीवर."

मी दोन वर्षं याच पक्ष्याचे फोटो काढत होतो आणि मला त्या काडीचा पत्ता नव्हता.

त्याचं कारण माझ्या लेन्समध्ये होतं. मी भाड्याने आणलेली, लांबचं जवळ आणणारी सहाशे मिलिमीटरची लेन्स लावून सात मीटरवरून, स्वयंपाकघराच्या दारातून फोटो काढायचो. फोटो चांगले यायचे. पक्षी रेखीव, पिसं न् पिसं मोजता यावं असा, मागे सगळं गुळगुळीत हिरवं. पण तो आमच्या परसातला आहे की कोस्टारिकातला, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही.

त्याआधी एकदा अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला, डोंगरातल्या घळींमध्ये जाऊन आलो होतो. तिथे हमिंगबर्डच्या कितीतरी जाती येतात आणि त्यांचे फोटो काढायला शिकवणारेही असतात. फीडरभोवती चार-पाच फ्लॅश, मागे छापील फुलांचा पडदा, आणि सेकंदाच्या हजारो भागांपैकी एका भागात सगळे फ्लॅश एकदम उडतात. पंख दगडात कोरल्यासारखे स्थिर येतात. या तंत्राबद्दल मला आदरच आहे. एमआयटीतले हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात अतिवेगवान फ्लॅशचं तंत्र घडवलं. पुढे ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी तीच वाट धरून हमिंगबर्ड टिपले, आणि हे पंख नेमके कसे चालतात ते माणसाला नीट पाहता आलं. उघड्या डोळ्याला ते कधीच दिसलं नसतं. पण माझे अ‍ॅरिझोनातले फोटो घरी येऊन उघडले तेव्हा एक गोष्ट मला टोचत राहिली. त्यातल्या कुठल्याच फोटोत किती वाजलेत ते कळत नव्हतं. सकाळ नाही, दुपार नाही, सावली नाही. उजेड कुठून आला, तर डब्यातून.

आप्पांची वही हातात आली तेव्हा मी ठरवलं की फ्लॅश नको आणि लांबची लेन्सही नको. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स, जिने आपण घरातली बारशी-वाढदिवस काढतो, ती लावायची. आणि जो काय उजेड परसात येईल तेवढ्यात काढायचं.

हिशेब कागदावर मांडून पाहिला. सहाशेच्या लेन्सने सात मीटरवरून पक्षी जेवढा मोठा येतो, साधारण तेवढाच तो पन्नासच्या लेन्सने साठ सेंटिमीटरवरून येतो. फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या पट्ट्यात चित्र रेखीव येतं ती, तीही जवळजवळ तेवढीच राहते. माझ्या कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ ५.६ला ठेवलं तर सुमारे तीन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांएवढी. बदलतं ते पक्ष्यामागचं. सहाशेची लेन्स मागच्या जगातली सव्वादोन अंशांची चिरोटी कापून घेते आणि तिचाही धूर करून टाकते. पन्नासची लेन्स सव्वीस अंश उघडते. त्यात लिंबोणी येते, कुंपण येतं, वाळत घातलेला टॉवेल येतो. थोडं धूसर, पण काय आहे ते ओळखू येतं.

फक्त त्यासाठी पक्ष्यापासून साठ सेंटिमीटरवर जावं लागतं. ते अंतर मोजायचं कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून. लेन्सच्या पुढच्या काचेपासून मोजलं तर राहतं हातभर.

पहिला आठवडा कॅमेरा नव्हताच. बुटक्या ट्रायपॉडवर बुटांचा रिकामा काळा खोका ठेवला. पहिल्या दिवशी तो काडीवरून निघाला, खोक्यापुढे हवेत थबकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि परत गेला. आप्पांनी वहीत लिहिलं, "आला, प्यायला नाही." चौथ्या दिवशी प्यायला. सहाव्या दिवशी खोक्याला वळसा घालणंही बंद झालं. मग खोक्याच्या जागी कॅमेरा आला आणि कॅमेऱ्यामागे मी.

अडलं ते आवाजावर. शटरचा 'खट्' झाला की तो वीतभर मागे उडायचा. आजकालच्या कॅमेऱ्यांत बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, तेव्हा ते लावलं. फोटो बघितले तर पंख केळीच्या पानासारखे वाकलेले, एक तर जणू मधेच तुटलेला. बऱ्याचशा कॅमेऱ्यांत हे शटर चित्र एकदम घेत नाही. वरून खाली ओळी-ओळीने वाचत जातं, आणि वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत पंख दुसरीकडे गेलेला असतो. अ‍ॅनाजचे पंख सेकंदाला चाळीसच्या वर फेरे मारतात. म्हणजे आवाजाचं यांत्रिक शटरच हवं. मग काय करायचं?

"त्याला सवय लाव," आप्पा म्हणाले. "गेट उघडताना पहिल्यांदा गुरंही बिचकतात. रोज उघडलं की मान वर करत नाहीत." दोन दिवस मी फोटोकडे न बघता नुसतं शटर वाजवत बसलो. तो काडीवर असताना, तो नसताना, तो पीत असताना. तिसऱ्या दिवशी 'खट्' झालं आणि तो पीत राहिला. त्या वेळी झालेला आनंद मला अजून तसाच आठवतो. फोटो काही खास नव्हता.

फोकसचं एव्हाना जमलं होतं. फीडरच्या छिद्रापुढे तो जिथे थांबतो तिथे एक काटकी रोवायची, तिच्यावर फोकस धरायचा, फोकसची कळ हातावर टाकायची आणि काटकी काढून घ्यायची. पुढे कॅमेऱ्यातून बघायचंही कारण नव्हतं. मी काडीकडे बघायचो. काडी सुटली की एक, दोन.

आता शटरचा वेग. इथे मी बरेच दिवस चुकलो. पंख गोठवायचे म्हणून मी १/४००० सेकंद लावायचो. पंखाचं टोक फेऱ्याच्या मधोमध सेकंदाला दहा मीटरच्या वर वेगाने जात असतं. १/४००० मध्येही ते तीन-चार मिलिमीटर सरकतंच. पण प्रत्येक फेऱ्याच्या दोन टोकांना, जिथे पंख पुढून मागे आणि मागून पुढे वळतो, तिथे तो क्षणभर जवळजवळ थांबतो. आपल्या झोपाळ्यासारखंच. त्या वळणावर शटर पडलं तर १/१००० लाही पंख स्वच्छ येतो. आणि मध्यावर पडलं तर पंखाच्या जागी धुपाच्या धुरासारखा एक पडदा येतो, ज्यातून मागची लिंबोणी दिसते.

तो पडदा पाहिला आणि मला पंख गोठवायची इच्छाच उरली नाही. हा पक्षी आपल्याजवळ येतो तेव्हा आधी कानाला येतो. जाड भुंग्यासारखी गुंगुं. कानाला जे ऐकू येतं तेच त्या पडद्यात डोळ्याला दिसतं. आणि पंख एवढे घुमत असताना डोकं? डोकं हवेत खिळा मारून टांगल्यासारखं स्थिर. अंग हललं तरी डोकं हलत नाही. एकदा मुद्दाम १/२५० लावून पाहिलं. पंख नाहीसे झाले होते, आणि डोळ्यातला उन्हाचा ठिपका सुईच्या टोकाएवढा, पण नीट आला होता. कितीतरी वेळ मी तो ठिपका मोठा करून बघत बसलो.

उजेडाबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त त्या पक्ष्यानेच शिकवलं. नराचा गळा आणि कपाळ गुलाबी-किरमिजी असतं असं पुस्तकात लिहितात. प्रत्यक्षात शंभरातल्या नव्वद वेळा ते काळपट दिसतं. कारण तो रंग रंगद्रव्याचा नाहीच. पिसांच्या आत चपट्या तबकड्यांचे थर असतात, त्यांत हवेचे बारीक बुडबुडे. त्यांच्यावर उजेड आपटून ठराविक कोनातच तो रंग परत येतो. कोन चुकला की विझला. सूर्य माझ्या पाठीशी आणि त्याचा गळा माझ्यासमोर, असं जुळलं तरच तो पेटतो. माणसाच्या हातात त्यातलं सूर्याएवढंच असतं: जानेवारीत आमच्या परसात साडेनऊ ते साडेदहा. कुंपणावरून तिरकं ऊन येतं, अजून कोवळं. एफ ५.६, १/१०००, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, अडीचशे-तीनशे.

उरलेलं त्याच्या हातात. तो पिताना कधीच पेटत नाही, तोंड बाटलीत असतं. पण तीन-चार घोट झाले की तो वीतभर मागे सरकतो, हवेत थांबतो आणि समोर बघतो. आप्पांनी पहिल्या दिवशी टिपलेलं ते मागं सरकणं. तेवढ्यात गळा पेटतो: आधी हनुवटीशी एक ठिणगी, मग कानशिलापर्यंत सगळा निखारा, आणि मान वळली की राख. मी फोकस बाटलीपाशी धरून बसायचो आणि तो निखारा दरवेळी फोकसच्या मागे, धूसर. मग मी काटकी वीतभर मागे रोवायला लागलो. जिथे तो पितो तिथे नाही, पिऊन जिथे थांबतो तिथे.

या रंगाचा तो स्वतः कसा उपयोग करतो तेही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. मादीपुढे नर तीसेक मीटर उंच जातो आणि खाली सूर मारतो. तो सूर साधारण सूर्याकडे तोंड करून मारतो, म्हणजे गळा पूर्ण पेटलेला दिसावा. सूर संपताना एक तीव्र 'चिक्' येते. ती तोंडातून नाही, शेपटीच्या बाहेरच्या पिसांमधून हवा सुटताना येते, हे बर्कलीच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. मला हे समजल्यावर आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण दोघं एकाच उन्हासाठी बसतो."

मग गॅरेजचा तो दिवस. फेब्रुवारीचा पहिला आठवडा असावा. सकाळी झाडायला म्हणून मी गॅरेजचं दार वर केलं आणि उघडंच ठेवून आत गेलो. या दारांना वीज गेली तर हाताने उघडायला दोरीची एक मूठ छताजवळ लोंबत असते. तिचा रंग लाल असतो. हमिंगबर्ड कुठलंही लाल दिसलं की फूल आहे का ते बघायला येतो. आला, मुठीत काही नाही म्हटल्यावर वर उडाला, आणि वर छत. त्यांना बाहेर पडायचं म्हणजे वरच जायचं एवढंच सुचतं. सहा फुटांवर उघडं दार असतं, पण ते खाली असतं. तो छताला धडका देत होता आणि मला त्याची गुंगुं घरात ऐकू आली.

आम्ही आतले दिवे मालवले. फीडर आणून दाराच्या तोंडाशी टांगला. वीस मिनिटं वाट पाहिली, तो खाली आला नाही. शेवटी दमून दाराच्या मोटरच्या वायरीवर बसला, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. मी शिडीवर चढलो, दोन्ही हातांची ओंजळ त्याच्याभोवती धरली. उडाला नाही. हातात वजन असं काही लागलंच नाही. लागली ती ऊब, आणि एक अखंड थरथर. त्याचं काळीज मिनिटाला हजारावर ठोके देऊ शकतं, ते मोजता येत नाहीत, थरथरीसारखेच लागतात.

बाहेर उन्हात आलो. आप्पांनी फीडर त्याच्या चोचीपुढे धरला. त्यांचा हात हलत होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग केसाएवढी बारीक जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. त्याला पायांवर चालता येत नाही, पाय फक्त धरून बसण्यापुरते; त्या पायांनी त्याने माझ्या करंगळीचं पेर धरलं होतं. मी ओंजळ उघडली. तो बसूनच राहिला, दहा आकडे मोजावेत एवढा वेळ. गळा पूर्ण पेटलेला, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. मग नुसती हवा हलल्यासारखं झालं आणि करंगळी मोकळी.

कॅमेरा पाच पावलांवर ट्रायपॉडवर होता, तीच लेन्स लावलेला. दोघांपैकी कुणालाही त्याची आठवण झाली नाही. त्याच दुपारी आप्पांनी स्टुलावर चढून ती लाल मूठ काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळून टाकली. घरात असा दरवाजा असेल त्यांनी हे आजच करावं.

दोन दिवस तो फीडरवर आला नाही. वहीत दोन दिवस रिकाम्या ओळी आहेत, पण तारखा टाकलेल्या. तिसऱ्या दिवशी ९.४१ ला काडीवर दिसला.

माझ्याकडे त्या हिवाळ्याचे चार हजारांवर फोटो आहेत. ठेवावेत असे नऊ. त्यातला एक मी मोठा छापून घेतला. डावीकडे पक्षी, पिऊन मागे सरकलेला, गळ्याचा अर्धा भाग पेटलेला आणि अर्धा विझलेला, पंखांच्या जागी तो धुराचा पडदा. उजवीकडे, तीन मीटर मागे, उन्हात बसलेले आप्पा. धूसर आहेत, पण माकडटोपी ओळखू येते, मांडीवरची वही ओळखू येते, आणि घड्याळ बघायला मनगट वर केलेलं ओळखू येतं. मागे लिंबोणी. सहाशेच्या लेन्सला यातलं फक्त डावीकडचं दिसलं असतं.

मे महिन्यात आप्पा परत गेले. मी घडीची खुर्ची मिटून गॅरेजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यामागे बसलो. तो काडीवर आला, डावीकडे बघितलं, निघाला, आणि फीडरच्या अलीकडेच हवेत थांबला. जिथे खुर्ची असायची तिकडे तोंड करून. मग परत काडीवर. पुन्हा निघाला, पुन्हा थांबला, परत गेला. इतक्या महिन्यांत जागेवर असलेली एक वस्तू हलली, हे त्याला खटकलं असावं. पहिल्या दिवशीच्या खोक्यासारखंच.

मी उठून गॅरेजमधून खुर्ची आणली आणि होती त्या जागी उघडून ठेवली. वहीही नेऊन तिच्यावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून पेन वर. मग परत जाऊन बसलो.

१०.२० ला तो आला आणि प्यायला. मी फोटो काढला नाही. उठून वहीत वेळ लिहिली.